वाचकांचे प्रश्न: मुलगा शार्लटच्या जेलमध्ये, वॉरंट जॉर्जियाचं

या अंकात तीन पत्रं घेतलीयेत, पण पहिल्यालाच जास्त जागा दिलीय. अशा अर्थाची पत्रं मला वर्षातून दोन-चार तरी येतात आणि दरवेळी घरच्यांचे पहिले सहा-सात दिवस काय चाललंय हे न कळण्यातच जातात. पत्रातल्या ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकल्यात.

प्रश्न : ताई, मी कराडला असते, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत आयटीत आहे, आधी जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या जवळ होता, आता दोन वर्षं झाली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लटला. मागच्या गुरुवारी पहाटे अडीचला त्याच्या रूममेटचा व्हॉट्सअॅप कॉल आला की काकू घाबरू नका पण त्याला पोलिसांनी नेलंय. हायवेवर गाडी जोरात होती म्हणून थांबवलं, लायसन्स घेऊन पोलीस आपल्या गाडीत गेला आणि परत आला तो बेड्या घेऊनच. म्हणे जॉर्जियाचं वॉरंट आहे. त्यानंतर कळलं की 2023 मध्ये तिथे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली होती, 12 महिन्यांचं प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर मोकळीक), दंड, एक क्लास आणि 40 तास समाजसेवा. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. क्लास झाला, दंड बहुतेक भरला, समाजसेवेचे 24 तास झाले, आणि मग नवीन नोकरी लागली म्हणून तो शार्लटला निघून गेला, त्याला वाटलं आता संपलंच आहे. आज सहा दिवस झाले, मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. जामीन नाही म्हणतात. त्याच्यापुढे एक कागद ठेवलाय सही करायला, कोणी म्हणतं कर कोणी म्हणतं मरेपर्यंत करू नको. गुन्हा जॉर्जियात, मग शार्लटच्या तुरुंगात का? 12 महिने तर कधीच संपले, मग वॉरंट जिवंत कसं? त्याला भारतात पाठवून देतील का? त्याची थायरॉईडची गोळी चालू आहे, ती देतात का हेही कळत नाही. ह्यांना दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना अजून सांगितलेलं नाही, नातेवाइकांत तर कुणालाच नाही, मुलाचं लग्न ठरत आलंय.

उत्तर : काकू, पत्र वाचल्यावर आधी तुमच्याशी फोनवर बोलले, ते तुम्हाला माहीतच आहे, इथे लिहितेय ते तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी. मी न्यू जर्सीत वकिली करते, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनाचं लायसन्स माझ्याकडे नाही, त्यामुळे हे वाचून कोणी वकील न लावता राहू नये.

शार्लटच्या जेलमध्ये त्याच्यावर कसलीही केस चाललेली नाहीये. त्या जेलनं त्याला फक्त धरून ठेवलंय, जॉर्जियासाठी. आपल्याकडे महाराष्ट्राचे पोलीस आरोपीला दिल्लीत पकडतात, तिथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड घेतात आणि घेऊन येतात, हे आपण बातम्यांत वाचतोच. पण आपल्याकडे कायदा देशभर एकच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं फौजदारी कायद्याचं घर वेगळं आहे, म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणूस न्यायचा तर एक्स्ट्राडिशनच करावं लागतं, जसं दोन देशांत करतात तसंच. हे राज्यघटनेतच आहे, चौथ्या कलमात, की एका राज्यातून पळालेला आरोपी दुसऱ्या राज्यात सापडला तर मागणी आल्यावर परत द्यायचा. आणि तुमचा मुलगा पळून गेला नव्हता, नोकरीसाठी गेला होता, तरी कायद्याच्या भाषेत तो फ्युजिटिव्हच ठरतो, हा शब्द कागदावर दिसला की घरचे कोसळतात, पण त्याचा अर्थ इतकाच की तो जॉर्जियाच्या बाहेर सापडला.

पोलिसांना कळलं कसं? एफबीआयचा एक देशभराचा डेटाबेस आहे, 1967 पासून चालू, एनसीआयसी म्हणतात त्याला. कुठल्याही काउंटीनं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागानं, वॉरंट त्यात टाकलं की हायवेवरच्या पोलिसाच्या गाडीतल्या लॅपटॉपवर लायसन्स नंबर टाकताच ते दिसतं. वॉरंट टाकताना काउंटी हेही लिहिते की हा माणूस किती लांबून उचलून आणायला आम्ही तयार आहोत, फक्त आमच्या राज्यातून, शेजारच्या राज्यांतून, की पूर्ण देशातून. छोट्या गुन्ह्यांच्या वॉरंटसाठी बऱ्याच काउंट्या लांबचा खर्च करत नाहीत. नॉर्थ कॅरोलायना जॉर्जियाला लागून आहे, त्यामुळे तो तिथे अडकला, कॅलिफोर्नियात थांबवला असता तर कदाचित सोडूनही दिला असता. पण सोडून दिलं म्हणजे वॉरंट मेलं असं नाही, ते तसंच राहतं, पुढच्या वेळी परत.

आता 12 महिन्यांचं. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळ्यात जास्त धक्का इथेच बसतो. जॉर्जियात प्रोबेशनवरचा माणूस हजेरीला यायचा बंद झाला, त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरनं तसं शपथेवर लिहून दिलं आणि वॉरंट बजावता आलं नाही, तर न्यायाधीश शिक्षेचं घड्याळ थांबवू शकतात, तिकडे त्याला टोलिंग म्हणतात. म्हणजे कॅलेंडरवर 12 महिने केव्हाच उलटले, पण कोर्टाच्या हिशेबात ते त्या तारखेलाच अडकून बसलेत. तो नोव्हेंबरात गेला असं रूममेट म्हणतो, म्हणजे बहुतेक सहा-एक महिने शिल्लक असतील, नक्की आकडा जॉर्जियातल्या ऑर्डरवरच कळेल आणि वकिलानं पहिल्यांदा तेच मागवायचं. जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकते तर मूळ शिक्षेतली जी शिल्लक आहे तेवढी, त्याच्यावर नवीन दहा वर्षं वगैरे काही बसत नाहीत, कुणी तसं सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका.

त्यानं चूक काय केली हेही स्पष्ट सांगते, कारण तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत की दारू प्यायला तो 2023 मध्ये, आता काय केलं? आता काही नाही केलं. प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी दिलेली मोकळीक, अटींवर. हजेरी, पैसे, समाजसेवा, आणि पत्ता किंवा राज्य बदलायचं तर आधी विचारायचं. जॉर्जियात छोट्या गुन्ह्यांचं प्रोबेशन बऱ्याच ठिकाणी खाजगी कंपन्या बघतात, दर महिन्याला त्यांची फी असते, आणि मुलांना वाटतं दंड भरला म्हणजे सुटलो, पण फी थकली, 40 तासांतले 16 राहिले, आणि निघाला न सांगता. याला टेक्निकल व्हायोलेशन म्हणतात. नवीन गुन्हा करून मोडणं वेगळं आणि हे वेगळं, न्यायाधीश यातला फरक बघतात. आणि खरं सांगू, जायच्या आधी ऑफिसरला एक ईमेल टाकून परवानगी घेतली असती ना तर बहुतेक मिळाली असती. राज्यांमध्ये यासाठी एक करार आहे, 2002 मध्ये लागू झालेला, आता सगळी पन्नास राज्यं त्यात आहेत, त्यात एका राज्याचं प्रोबेशन दुसऱ्या राज्यात ट्रान्सफर होतं, 45 दिवसांपेक्षा जास्त सलग दुसऱ्या राज्यात राहायचं असेल तर ते करावंच लागतं. पण तो करार फेलनीवाल्यांना, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांवाल्यांना, आणि काही ठरावीक छोट्या गुन्ह्यांनाच लागू होतो, दारू पिऊन गाडी चालवण्याच्या दुसऱ्या किंवा त्यापुढच्या केसपासून, पहिल्याला नाही. म्हणजे तुमच्या मुलाला एवढा व्याप करायचाच नव्हता, नुसती लेखी परवानगी पुरली असती. हे वाचून वाईट वाटेल, मलाही वाटलं, पण प्रोबेशनवर असलेलं कुणी हे वाचत असेल तर आज ईमेल टाका.

तो कागद. त्याला वेव्हर ऑफ एक्स्ट्राडिशन म्हणतात, न्यायाधीशासमोर सही करायची असते, आणि सही घेण्याआधी न्यायाधीशानं त्याचे हक्क समजावून सांगायचे असतात. सही केली तर अर्थ इतकाच होतो की मी परत जायला हरकत घेत नाही. गुन्हा कबूल केला, अटी मोडल्या हे मान्य केलं, असा त्याचा अर्थ नाही. सही नाही केली तर जॉर्जियाच्या गव्हर्नरकडून मागणीचे कागद येतात, नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर वॉरंट काढतात, त्यासाठी न्यायाधीश आधी 30 दिवस जेलमध्ये ठेवू शकतात आणि आणखी 60 वाढवू शकतात. म्हणजे नव्वद दिवस बसून मिळतं काय? सुप्रीम कोर्टानं 1978 मध्येच सांगून ठेवलंय की ज्या राज्यात माणूस सापडला तिथल्या कोर्टानं फक्त चार गोष्टी बघायच्या, कागद वरवर बरोबर आहेत का, त्या राज्यात खरंच त्याच्यावर गुन्हा लागलाय का, हा तोच माणूस आहे का, आणि तो तिथून निघून आलेला आहे का. बाकी मी दंड भरला होता, ऑफिसर वाईट होता, मला पत्र आलंच नाही, हे शार्लटचं कोर्ट ऐकूनच घेणार नाही. ते सगळं बोलायचं ठिकाण जॉर्जिया.

म्हणून माझं मत विचाराल तर नावाची गफलत नसेल आणि वॉरंट खरं असेल तर लढत बसण्यात त्याचेच दिवस वाया जातात. पण सही वकिलाशी बोलूनच, एकट्यानं नाही, आणि तीसुद्धा जॉर्जियात एक प्रयत्न करून झाल्यावर, तो कोणता ते पुढे सांगते. आणखी एक, बऱ्याच प्रोबेशन ऑर्डरमध्ये एक्स्ट्राडिशनचा हक्क सोडतो अशी अट आधीच छापलेली असते आणि पोरांनी ती न वाचता सही केलेली असते, तसं असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

वकील दोन लागतील. शार्लटमध्ये एक, तो सरकारी पब्लिक डिफेंडरही चालेल, पैसे परवडत नसतील तर मागायचा त्याला हक्क आहे. आणि जॉर्जियात एक, ज्या काउंटीच्या कोर्टानं वॉरंट काढलं त्याच काउंटीत रोज उभा राहणारा. तुमचे पैसे मर्यादित असतील तर ते या दुसऱ्यावर खर्च करा. किल्ली त्याच्या हातात आहे. शार्लटच्या मराठी मंडळींनी प्रेमानं जो मोठा वकील सुचवलाय तो शार्लटचा आहे, तो चांगला असेल, पण तो जॉर्जियाचं वॉरंट मागे घेऊ शकत नाही. जॉर्जियाचा वकील काय करू शकतो तर प्रोबेशन ऑफिसरला आणि सरकारी वकिलाला फोन करून सांगतो की मुलाला नोकरी आहे, नवीन गुन्हा नाही, थकलेले पैसे आज भरतो, राहिलेले 16 तास करतो, वॉरंट मागे घ्या आणि तारीख द्या तो स्वतः हजर होईल. न्यायाधीशानं मान्य केलं तर शार्लटच्या जेलला होल्ड, म्हणजे धरून ठेवायची सूचना, काढल्याचा निरोप जातो आणि तो तिथूनच सुटतो. नाही मान्य केलं तर निदान जॉर्जियात पोचल्यावर लवकर सुनावणी लागते. हा तो प्रयत्न, तो आधी व्हायला हवा, म्हणून म्हणते, येत्या सोमवारी सकाळी जॉर्जियात वकील उभा असायला हवा, शार्लटच्या पुढच्या तारखेच्या आत.

जामिनाचं तुम्ही विचारलंत. प्रोबेशन म्हणजे शिक्षा झालेला माणूस, नुसता आरोपी नाही, म्हणून तिथे जामिनाचा हक्क आपोआप नसतो, नो बाँड लिहिलेलं असतं ते त्यामुळेच. तुमच्या भाच्यानं बेल बाँड वाल्याला, म्हणजे फी घेऊन जामीन भरणाऱ्याला, अॅडव्हान्स द्यायचं चालवलंय ना, थांबवा त्याला.

सही झाल्यावर जॉर्जियाचे लोक येऊन नेतात. कधी शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, डेप्युटी येतात, कधी खाजगी कंपनीची व्हॅन. शार्लट ते अटलांटा गाडीनं चार तास, पण व्हॅन वाटेत दुसऱ्या जेलांमधून माणसं उचलत जाते, त्यामुळे मधे एक-दोन दिवस तो कुठे आहे हे कुठल्याच वेबसाइटवर दिसत नाही. त्या दोन दिवसांत एका आईनं मला अकरा फोन केले होते. आधीच सांगून ठेवते, तसं झालं तर तो हरवलेला नाही, रस्त्यात आहे. आणि न्यायला कोणी आलंच नाही तर वकिलानं दिवस मोजत राहायचं, फेडरल कायद्यात 30 दिवसांची गोष्ट आहे, न्यायला माणूस आला नाही तर सोडायची मागणी करता येते. इथे काही जण दुसऱ्याच एका कायद्यावर भरवसा ठेवतात, ज्यात दुसऱ्या राज्याची केस 180 दिवसांत चालवायला भाग पाडता येतं, पण सुप्रीम कोर्टानं 1985 मध्ये, आमच्या न्यू जर्सीच्याच एका केसमध्ये, सांगितलंय की प्रोबेशन मोडल्याच्या वॉरंटला तो लागू नाही. तेव्हा तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कोणी तो पाठवला असेल तर त्याच्या नादी लागू नका.

जॉर्जियात जी सुनावणी होईल ती नवीन खटला नसतो. ज्युरी नाही, आणि निःसंशय सिद्ध करायची गरज नाही, पारडं थोडं इकडे झुकलं तरी पुरे. पण नोटीस मिळणं, आपली बाजू मांडणं, साक्षीदार आणणं हे हक्क 1973 पासून सुप्रीम कोर्टानं पक्के केलेत. आणि 1983 चा एक निकाल असा की ज्याला खरंच पैसे भरणं शक्य नव्हतं त्याला फक्त तेवढ्यासाठी तुरुंगात टाकता येत नाही. तुमच्या मुलाला नोकरी होती, त्यामुळे तो मुद्दा इथे चालणार नाही, वकिलानं तो मांडला तर न्यायाधीश पगार विचारेल. त्यापेक्षा क्लासचं सर्टिफिकेट, भरलेल्या दंडाच्या पावत्या, 24 तासांची सही केलेली शीट, कंपनीचं पत्र, हे सगळं रूममेटला त्याच्या कपाटातून शोधायला सांगा. एका मुलाचा असाच निकाल एका निळ्या फोल्डरमुळे बदललेला मी पाहिलाय, त्यात समाजसेवा केलेल्या फूड बँकेच्या मॅनेजरनं पेननं लिहिलेले तास होते, तारखेवार, चहाचा डाग पडलेला कागद, पण न्यायाधीशानं तो हातात घेऊन सगळा वाचला. जेलमध्ये घालवलेले हे दिवसही शिक्षेत धरायला सांगायचे, वकिलानं मागितल्याशिवाय ते कुणी मोजत नाही असं समजून चाला.

तुम्ही आवाज ऐकला नाहीत त्याचं कारण साधं आहे, जेलच्या फोनवरून भारताचा नंबर बहुतेक लागतच नाही, आणि रूममेटनं दुसरा फोन जोडून तुम्हाला ऐकवायचा प्रयत्न केला तर लाइन कापतात, खातंही बंद करतात. जेलच्या साइटवर व्हिडिओ भेटीची सोय असेल तर भारतातून तुम्ही स्वतः खातं उघडायचा प्रयत्न करा, आपली बँक कार्डं तिथे बऱ्याचदा चालत नाहीत, तेव्हा पैसे रूममेटच्या कार्डानं भरा. दिसेल तेव्हा तो जेलच्या कपड्यांत असेल, मनाची तयारी ठेवा. आणि केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही, मराठीतसुद्धा नाही. सगळं रेकॉर्ड होतं आणि मराठी समजणारे दुभाषे इथे आहेत. जेवलास का, झोप लागते का, गोळी मिळाली का, एवढंच.

गोळी बाहेरून देता येत नाही. जेलच्या मेडिकल विभागाला फोन करून त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, बुकिंग नंबर, औषधाचं नाव आणि डोस सांगायचा, आणि त्याच्या फार्मसीतून प्रिस्क्रिप्शन फॅक्स करवून घ्यायचं. हे आजच. त्यानं स्वतःही नर्सकडे लेखी मागणी टाकायची. शाकाहारी जेवणाचीही तशीच चिठ्ठी असते. आणि त्याची गाडी हायवेवरून टो करून नेली असणार, यार्डात रोजचं भाडं चढतं, रूममेटला विचारा.

भारतात पाठवतील का. हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात पण झोप त्यानंच उडाली असणार. तो एच-वन-बी वर आहे. पहिली दारूची केस, कुणाला इजा नाही, एवढ्यावरून देशाबाहेर काढायचं कलम लागत नाही. सुप्रीम कोर्टानं 2004 मध्ये दारू पिऊन अपघात करून लोकांना जखमी केलेल्या माणसाच्या केसमध्येसुद्धा तो हिंसक गुन्हा ठरत नाही असं म्हटलं होतं. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, दारूच्या अटकेनंतर पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प परस्पर रद्द करण्याची पद्धत आहे, त्याला ईमेल आलेलाही असेल आणि त्यानं लपवलाही असेल. स्टॅम्प रद्द म्हणजे लगेच राहणं बेकायदा असं नाही, पण भारतात आला की परत जाताना नवीन व्हिसा काढावा लागेल, तेव्हा लग्नाची तारीख धरताना हे विचारून धरा. दुसरी, नॉर्थ कॅरोलायनात 2024 च्या शेवटी कायदा झालाय, त्यात शेरीफना इमिग्रेशनच्या होल्डवर माणूस 48 तास थांबवून ठेवावा लागतो. त्यामुळे वकिलानं जेलला विचारायचं की असा होल्ड आहे का, आणि इमिग्रेशनचा कुणी अधिकारी आत येऊन सही मागायला लागला तर मुलानं सांगायचं, माझ्या वकिलाशी बोला. त्या एका कागदावर मात्र खरंच सही करायची नाही. आधीच्या दोन वकिलांशिवाय तिसरा, इमिग्रेशनचा वकील, तास-दोन तासांच्या सल्ल्यापुरता घ्या.

वकिलात मदत करते पण मर्यादेत. भारतीय नागरिक आत गेला की वकिलातीला कळवा असं सांगण्याचा त्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे आहे, पण तो त्यानं मागावा लागतो, भारतासाठी ते आपोआप होत नाही. नॉर्थ कॅरोलायना वॉशिंग्टनच्या दूतावासाकडे येतं आणि जॉर्जिया अटलांटाच्या कॉन्सुलेटकडे, दोन्हीकडे कळवा, शिवाय परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तुम्ही कराडमधून तक्रार टाकू शकता. ते चौकशी करतील, तब्येतीची विचारपूस करतील, वॉरंट मागे घेऊ शकणार नाहीत. आमदारसाहेबांच्या पत्राचं तुम्ही बोललात, काकू, त्याचा इथल्या न्यायाधीशावर काही परिणाम होत नाही.

काकांना सांगा. तुम्ही फोनवर म्हणालात की ते शेजारच्या खोलीत झोपलेत म्हणून तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून हळू आवाजात बोलताय. सहा रात्री तुम्ही तशा उभ्या आहात. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, थोरल्या मुलीला बोलावून घ्या, पण सांगा, कारण वकिलाची फी एफडी मोडून द्यायचीय आणि ती दोघांच्या नावावर आहे. मुलानंही लाजेपोटीच लपवलं होतं, 2023 मध्ये त्यानं घरी एक फोन केला असता तर तुम्हीच त्याला म्हणाला असतात, राहिलेले तास पूर्ण कर आणि मग जा.

प्रश्न : माझा भाऊ डॅलसला असतो, ग्रीन कार्ड आहे. त्याची डिफर्ड अॅडज्युडिकेशनची केस आहे, म्हणजे निकाल पुढे ढकलून प्रोबेशनवर ठेवलंय, वकील म्हणाला हे कन्व्हिक्शन नाही, पूर्ण केलं की केस डिसमिस. अजून आठ महिने राहिलेत. आईचं ऑपरेशन आहे, त्याला महिनाभर नाशिकला यायचंय, जाऊ का विचारतोय. न सांगता आला तर कुणाला कळणार आहे?

उत्तर : न सांगता अजिबात नाही. टेक्सासमध्ये प्रोबेशनला कम्युनिटी सुपरव्हिजन म्हणतात, नाव वेगळं पण हजेरी तीच, आणि एका चुकलेल्या हजेरीवर वॉरंट निघू शकतं. ऑफिसरकडून, आणि परदेशी जायचं म्हणून बहुतेक न्यायाधीशाकडूनही, लेखी परवानगी घ्यायची, तारखा घालून, ऑपरेशनचं हॉस्पिटलचं पत्र जोडून, आणि तो कागद प्रवासात जवळ ठेवायचा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राज्याच्या दृष्टीनं ते कन्व्हिक्शन नसलं तरी इमिग्रेशन कायद्यात डिफर्ड अॅडज्युडिकेशन बहुतेक वेळा कन्व्हिक्शनच धरतात, त्याच्या वकिलानं त्याला फौजदारी बाजूनं बरोबर सांगितलं, इमिग्रेशनच्या बाजूनं अर्धवट. ग्रीन कार्ड असूनसुद्धा काही गुन्ह्यांमध्ये परत येताना एअरपोर्टवर अडवतात. गुन्हा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावर सगळं आहे. तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला केसचे कागद दाखवा, आणि तो नको म्हणाला तर आईजवळ तुम्ही राहा, त्यानं व्हिडिओवर असावं.

प्रश्न : मी पुण्यात असतो. काल अमेरिकेच्या नंबरवरून फोन आला, वकील बोलतोय म्हणाला, तुमचा पुतण्या प्रोबेशन व्हायोलेशनमध्ये दुसऱ्या राज्यात जेलमध्ये आहे, दोन तासांत चार हजार डॉलर गिफ्ट कार्डानं पाठवले तर आज सुटेल, घरी कुणाला सांगू नका. मागे रडण्याचा आवाज होता, पुतण्यासारखाच. पुतण्याचा फोन लागत नव्हता. मी घाबरून पाचशे डॉलरचे कोड वाचून दाखवले. आता काय करू?

उत्तर : फसवणूक आहे, पुढचा पैसा देऊ नका. कुठलंही कोर्ट, जेल किंवा वकील गिफ्ट कार्डानं पैसे घेत नाही, आणि प्रोबेशनच्या वॉरंटवर तर जामीनच सहसा नसतो, मग दोन तासांत सुटायचं कसं? खरंच कुणी आत असेल तर काउंटी जेलच्या वेबसाइटवर नावानं शोधता येतं, बुकिंग नंबर दिसतो, आणि साइटवरच्या नंबरला आपण फोन करून खात्री करायची, त्यानं दिलेल्या नंबरला नाही. पुतण्याच्या बायकोला किंवा मित्राला आत्ता फोन लावा, तो मीटिंगमध्ये किंवा झोपलेला निघेल, पुण्यात दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार द्या, जितकी लवकर तितकं बरं, कार्ड ज्या कंपनीचं आहे तिच्या कस्टमर केअरलाही कोडचे नंबर कळवा, वापरलं गेलं नसेल तर गोठवता येतं. आणि घरी सांगा, तो माणूस उद्या तुमच्या वहिनींना फोन करेल.